पाळी कोणाची? बैठ्या खेळांत पाळी राखण्याची साधने

कोणत्याही बैठ्या खेळाचे नियम दोन प्रकारचे असतात. सोंगटी कशी चालवावी, उंट कसा जातो, वाघाने बकरी कशी मारावी, हे नियम पहिल्या प्रकारचे होत. कोणी केव्हा खेळावे आणि खेळून झाल्यावर कोणाला खेळू द्यावे, हे दुसऱ्या प्रकारचे. पहिल्या प्रकारचे नियम शिक्षक आवडीने शिकवितात, आणि मुलेही ते लवकर आत्मसात करतात. दुसरे नियम मात्र सर्वांना ठाऊकच आहेत असे गृहीत धरले जाते. वर्गातील बहुतेक तंटे याच गृहीतातून उद्भवतात. ‘माझी पाळी होती’, ‘तू दोनदा खेळलास’ ही वाक्ये ज्या शिक्षकाच्या कानी पडली नाहीत असा शिक्षक विरळा.

या तंट्यात मोठ्याने बोलणारे मूल सहसा जिंकते. मुकाट बसणाऱ्या मुलाची पाळी बुडते, आणि ती बुडाली हे पुष्कळदा शिक्षकाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पाळी राखण्यासाठी एखादे साधन असावे, हा विचार योग्यच होय. पूर्वी असे साधन हाताळण्याजोगेच असे. लाकडी ठोकळा, कवड्या, वाळूचे घड्याळ. आता मोबाईलवरील अ‍ॅपही तेच काम करतात. या दोहोंतून निवड कशी करावी, याचा विचार प्राथमिक शिक्षकाने अवश्य करावा.

पाळी या शब्दाचा दुसरा अर्थ

वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळशाच्या खाणीमुळे आणि चुन्याच्या भट्ट्यांमुळे ओळखले जाते. खाणीच्या गावात ‘पाळी’ हा शब्द मुलाच्या कानी खेळाआधी कामाच्या संदर्भात पडतो. पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रात्रपाळी यांवर खाणकामगाराच्या घरातील जेवण, झोप आणि पाणी भरणे ठरत असते. १९५२ च्या खाण कायद्याने भूगर्भात काम करणाऱ्यास दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. एकाची पाळी संपते तेव्हा दुसऱ्याची सुरू होते, आणि हा बदल ठरल्या वेळी व ठरल्या रीतीने व्हावा लागतो.

हा बदल स्मरणशक्तीवर सोपविलेला नसतो, ही गोष्ट शिक्षकाने ध्यानात घेण्याजोगी आहे. कोणत्याही क्षणी भूगर्भात कोणकोण आहे हे दाखविणारी नोंदवही ठेवण्याचे बंधन त्याच कायद्यात होते. भूमिगत खाणींवर दिव्यांची खोली असते. तेथे प्रत्येक दिव्याला क्रमांक दिलेला असतो. कामगार उतरताना आपला दिवा नेतो आणि वर आल्यावर परत करतो. ज्या खुंटीवर दिवा नाही, त्या क्रमांकाचा मनुष्य अद्याप खाली आहे, हे रिकाम्या जागेवरून कोणालाही समजते. त्यासाठी कोणी ओरडून सांगावे लागत नाही, आणि निमूट मनुष्य ओरडल्यावाचून विसरलाही जात नाही. पाळीच्या खुणेचे सारे सामर्थ्य यात आहे. जो बोलत नाही, त्याच्या वतीने ती खूण बोलते.

औद्योगिक वस्तीतील शाळेला ही गोष्ट विशेष लागू पडते. अशा वर्गात मराठी, हिंदी, तेलुगू अशा निरनिराळ्या घरभाषांची मुले शेजारी शेजारी बसलेली असू शकतात. यवतमाळ जिल्ह्याच्या अनेक भागांत घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारी मुलेही शाळेत येतात. समजा, चार मुले पटाभोवती बसली आहेत आणि त्यांतील एक नुकतीच दाखल झालेली मुलगी आहे. खेळ तिला समजला आहे. पण ‘थांब, आता मी’ हे म्हणण्याचे धैर्य आणि शब्द तिच्यापाशी अजून नाहीत. तिच्यापुढे एक लाल ठोकळा ठेवलेला असेल, तर तिला काही म्हणावेच लागत नाही. तिचा हक्क पटावर सर्वांना दिसत असतो.

प्रथम तीन प्रश्न

साधन निवडण्यापूर्वी कशाची मोजणी करावयाची आहे हे निश्चित करावे. पाळी राखणे म्हणजे वस्तुतः तीन निरनिराळी कामे होत. पहिले, आता कोणाची पाळी आहे हे दाखविणे. दुसरे, किती फेऱ्या झाल्या हे मोजणे. तिसरे, प्रत्येकाने किती वेळ घेतला हे मोजणे. पहिल्या कामाला एक खडा पुरतो. दुसऱ्याला मण्यांची तार किंवा फळ्यावरील रेघा पुरतात. केवळ तिसऱ्या कामाला घड्याळ लागते, मग ते वाळूचे असो, काट्यांचे असो वा मोबाईलवरचे असो. खड्याने भागणाऱ्या कामासाठी मोबाईल बाहेर काढणे म्हणजे पेला भरण्यासाठी विहिरीवर मोट जुंपण्यासारखे आहे.

खेळाचा प्रकारही पाहावा. अष्टाचंगा किंवा सोंगट्यांचा पट कवड्यांवर खेळला जातो. तेथे ज्याच्या हाती कवड्या त्याची पाळी. दान पाडण्याचे साधन हेच पाळीची खूण ठरते. सापशिडीत फासा हेच काम करतो. आपल्याकडील जुन्या खेळांना पाळीसाठी वेगळे साधन लागले नाही, त्याचे कारण हेच. वाघबकरी, नवकंकरी आणि बुद्धिबळ यांत मात्र दान नसते. खेळी करून हात मागे घेतला की पाळी कोणाकडे गेली याची कोणतीही खूण मागे उरत नाही. म्हणून वेगळ्या खुणेची गरज या खेळांत अधिक आहे.

दानाच्या खेळातही एक अडचण येते. विशिष्ट दान पडल्यास पुन्हा खेळण्याची मुभा असते, आणि पुढचा खेळाडू अधीर होऊन कवड्या उचलतो. तेथे एकच नियम घालून द्यावा: खूण घ्यायची नाही, द्यायची. ज्याची पाळी संपली त्याने स्वतःच्या हाताने ती पुढच्याच्या हाती द्यावी. खूण दिली जात नाही तोवर पाळी संपलेली नाही. या एका नियमाने निम्मे तंटे मिटतात, कारण पाळी संपल्याचे सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही एकाच मुलाकडे राहतात.

हाती धरण्याची साधने

पाळीची खूण म्हणून कोणतीही वस्तू चालते. मात्र ती पटावरील सोंगट्यांहून मोठी, वेगळ्या रंगाची आणि हाती धरण्याजोगी असावी. दृष्टिदोष असलेले मूल खेळात असेल, तर खुणेचा स्पर्शही वेगळा असावा. सुताराकडील रंधलेला लाकडी तुकडा पुरेसा आहे. फेऱ्या मोजण्यासाठी तारेत ओवलेले दहा मणी पटाच्या कडेला बांधावेत आणि फेरी पुरी होताच एक मणी सरकवावा. पहिली-दुसरीच्या मुलांना त्यातून दहापर्यंतची मोजणीही साधते.

वेळेसाठी वाळूचे घड्याळ शाळेत करता येते. सारख्या आकाराच्या दोन लहान पारदर्शक बाटल्या घ्याव्यात. त्यांची झाकणे पाठीला पाठ लावून चिकटवावीत आणि मधोमध शिक्षकाने स्वतः तापविलेल्या खिळ्याने छिद्र पाडावे. नदीची बारीक वाळू धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, चहाच्या गाळणीतून गाळून एका बाटलीत भरावी. मग मनगटी घड्याळ समोर ठेवून, एका मिनिटात सारी वाळू खाली उतरेल इतकीच ती ठेवावी आणि सांधा चिकटपट्टीने बंद करावा. वाळू किती कमी करावी हे मुलांनाच ठरवू द्यावे. अंदाज, मापन आणि दुरुस्ती यांचा तो उत्तम पाठ होतो.

राजूरसारख्या गावी येथे एक सावधगिरी अगत्याची आहे. चुन्याची भुकटी सहज मिळते आणि ती वाळूहून बारीक असते, म्हणून ती वापरण्याचा मोह होईल. तो कटाक्षाने टाळावा. कळीचा चुना हवेतील ओलावा शोषून घेतो आणि त्याचे गठ्ठे बनतात, म्हणजे घड्याळ बंद पडते. एवढेच नव्हे, तर तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करतो. पावसाळ्यात वाळूही दमट होऊन अडखळते, यास्तव दर महिन्याला एकदा घड्याळ खऱ्या घड्याळाशी ताडून पाहावे.

वाळूच्या घड्याळाची मर्यादाही ओळखली पाहिजे. ते सर्वांना सारखाच वेळ देते. आपल्या परंपरेतील घटिकापात्रही असेच होते. तळाला छिद्र असलेले ते पात्र पाण्यात ठेवीत, आणि ते भरून बुडाले म्हणजे एक घटिका, अर्थात २४ मिनिटे, झाली असे मानीत. लग्नमुहूर्तासाठी ते उत्तम होते, कारण तेथे एकच वेळ सर्वांसाठी मोजावयाची असते. दोन खेळाडूंचा वेळ निरनिराळा मोजावयाचा झाल्यास निराळी युक्ती लागते.

दुहेरी घड्याळाची युक्ती

ही युक्ती बुद्धिबळाने जगाला दिली. लंडन येथे १८५१ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत विचार करण्यास वेळेची मर्यादा नव्हती, त्यामुळे काही डाव कंटाळवाणे लांबले. १८६१ साली अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळे वापरण्यात आली. पुढे १८८३ च्या लंडन स्पर्धेत दोन घड्याळे एकमेकांस जोडलेले साधन आले. एक चालू झाले की दुसरे थांबे, अशी ती योजना होती. १९८९ साली अमेरिकेच्या बॉबी फिशर याला प्रत्येक खेळीमागे काही वेळ वाढवून देणाऱ्या घड्याळाचे पेटंट मिळाले, आणि १९९२ च्या त्याच्या सामन्यात ते वापरले गेले. आजची अंकीय घड्याळे याच तत्त्वावर चालतात.

या घड्याळाचे महत्त्व विदर्भातील मुलांना अलीकडच्या एका घटनेवरून सांगता येईल. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिच्यासमोर कोनेरू हंपी होती. दीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, आणि निकाल लागला तो कमी वेळेच्या जलद डावांत. अशा डावांत पटावरील स्थितीइतकेच घड्याळाकडेही लक्ष ठेवावे लागते.

जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांतील एक गोष्ट शिक्षकाने मुद्दाम पाहावी. ज्या हाताने खेळी केली त्याच हाताने खेळाडूने घड्याळ दाबावे, असा तो नियम आहे. म्हणजे आपली पाळी संपल्याचे खेळाडू स्वतः जाहीर करतो. प्रतिस्पर्धी ती त्याच्याकडून हिसकावून घेत नाही. गावच्या वर्गातील लाल ठोकळा आणि विश्वचषकातील घड्याळ यांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे.

मोबाईलवरील अ‍ॅप

अ‍ॅपचे कार्य समजण्यास अवघड नाही. दुहेरी घड्याळाच्या अ‍ॅपमध्ये पडद्याचे दोन भाग होतात. खेळाडूने आपल्या भागावर बोट टेकले की त्याचा वेळ थांबतो व दुसऱ्याचा सुरू होतो. काही अ‍ॅपमध्ये तीन, चार किंवा अधिक खेळाडूंसाठी निरनिराळ्या रंगांचे भाग असतात. फेऱ्यांची मोजणी, प्रत्येक खेळीमागे वाढीव सेकंद आणि वेळ संपल्याचा आवाज याही सोयी पुष्कळ अ‍ॅपमध्ये असतात. यांतील अनेक विनामूल्य मिळतात.

त्यांचे खरे गुण दोन आहेत. पहिला असा की, खेळाडूंना असमान वेळ देता येतो. सरावलेल्या मुलाला पाच मिनिटे आणि नवशिक्याला दहा मिनिटे दिल्यास डाव बरोबरीचा होतो, आणि तरबेज मुलालाही जिंकण्यासाठी कष्ट पडतात. वाळूच्या एका घड्याळाने हे साधत नाही. दुसरा गुण असा की, तालुका किंवा जिल्हा स्पर्धेसाठी मुलांना तयार करावयाचे असून शाळेपाशी बुद्धिबळाचे घड्याळ नसेल, तर अ‍ॅपवर घड्याळाची सवय लावता येते. मात्र प्रत्यक्ष स्पर्धेत मोबाईल जवळ बाळगण्यास महासंघाच्या नियमांनी मनाई आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

दोषही तितकेच स्पष्ट आहेत. मोबाईल केवळ घड्याळ नसतो. मध्येच फोन येतो, संदेश येतो, जाहिरात झळकते, आणि सर्व मुलांचे डोळे पटावरून उठून पडद्यावर जातात. युनेस्कोने २०२३ च्या शिक्षणविषयक जागतिक अहवालात नमूद केले आहे की, असे लक्ष एकदा विचलित झाल्यावर विद्यार्थ्यास पुन्हा अभ्यासात एकाग्र होण्यास वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. चार मिनिटांच्या डावासाठी हा व्यवहार महागडा आहे. शिवाय ज्याच्या हाती मोबाईल, तो मुलगा नकळत खेळाचा मालक बनतो. घरी जाऊन असाच खेळ मांडावा असे एखाद्या मुलास वाटले, तर घरातील एकुलता मोबाईल पालकाबरोबर कामावर गेलेला असण्याचा संभव असतो. लाकडी ठोकळा मात्र कोणत्याही घरी मिळतो.

आणखी एक भेद सूक्ष्म आहे. मोबाईलवर खेळल्या जाणाऱ्या लुडोसारख्या खेळांत पट, फासा आणि पाळी ही तिन्ही यंत्रच सांभाळते. तेथे कोणी दोनदा खेळू शकत नाही, म्हणून भांडण होत नाही, हे खरे. परंतु न्यायाने वागण्याची संधीही कोणाला मिळत नाही. पाळी सोडणे हे मुलाचे कृत्य न राहता यंत्राचे कार्य होते. घड्याळाचे अ‍ॅप या दृष्टीने निराळे आहे, कारण तेथे मुलाने स्वतः बोट टेकावे लागते. तेव्हा निवड लाकूड की पडदा अशी नाही. पाळीचे हस्तांतर मुलाच्या हातून आणि सर्वांच्या देखत होते की नाही, ही खरी कसोटी होय.

अ‍ॅप वापरावयाचेच असल्यास

काही दक्षता पाळाव्यात. मोबाईल शिक्षकाचा असावा, मुलाचा नव्हे. तो आरंभीच एअरप्लेन मोडवर टाकावा, म्हणजे फोन आणि संदेश येणार नाहीत. पडदा आपोआप न मिटण्याची व्यवस्था करावी. त्याच अ‍ॅपवर पडदा अडकवून ठेवण्याची, म्हणजे स्क्रीन पिन करण्याची, सोय बहुतेक अँड्रॉइड मोबाईलमध्ये असते. तिचा उपयोग करावा. मोबाईल पटाच्या मधल्या रेषेवर, दोघांनाही सारख्या अंतरावर ठेवावा आणि डाव संपेपर्यंत हलवू नये.

अ‍ॅपमध्ये मुलांची खरी नावे, छायाचित्रे किंवा शाळेचे नाव भरू नये. ‘लाल’ आणि ‘निळा’ एवढी ओळख पुरेशी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस बालक मानले असून, तिच्या माहितीच्या वापरास पालकाच्या संमतीची अट घातली आहे. घड्याळाचे काम करणारे अ‍ॅप संपर्कयादी किंवा ठावठिकाणा मागू लागले, तर ते काढून टाकावे. वेळ मोजण्यास त्यांपैकी कशाचीही गरज नसते.

इयत्तेनुसार क्रम

पहिली व दुसरीत केवळ हाती देण्याची खूण असावी. वेळेचे बंधन मुळीच नसावे, कारण या वयात सावकाश विचार करणाऱ्या मुलावर घड्याळाचे दडपण येते आणि ते खेळ सोडून देते. तिसरी व चौथीत मण्यांनी फेऱ्या मोजाव्यात, आणि खेळ अंगवळणी पडल्यावर वाळूचे घड्याळ आणावे. पाचवीपासून पुढे बुद्धिबळात दुहेरी घड्याळ आणावे. शाळेपाशी असल्यास खरे घड्याळ, नसल्यास शिक्षकाच्या मोबाईलवरील अ‍ॅप. ज्या मुलास ऐकू कमी येते त्याला पडद्याचा बदलणारा रंग उपयोगी पडतो, आणि ज्यास दिसत नाही त्याला हाती दिलेली खूण. अशा वेळी इयत्तेचा क्रम बाजूस ठेवून मुलाची गरज पाहावी.

साधन कोणतेही असो, वर्षातून काही वेळा ते मुद्दाम बाजूस ठेवून पाहावे. दोन-तीन महिने खूण वापरल्यावर एके दिवशी ती पटावर ठेवू नये आणि मुलांना नेहमीप्रमाणे खेळू द्यावे. शिक्षकाने त्या वेळी सर्वांत धीट मुलाकडे व सर्वांत निमूट मुलाकडे लक्ष ठेवावे. धीट मूल खेळी करून हात मागे घेते आणि शेजाऱ्याकडे पाहून थांबते काय? निमूट मूल कोणी न सांगता हात पुढे करते काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी आले, तर त्या गटाचा ठोकळा दुसऱ्या गटाला द्यावा. न आले, तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पटावर ठेवावा.